पेरणीच्या आधी काढणीचं बोला

या आठवड्याचं पत्र:

«मावशी, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली, वय बत्तीस. घरची सहा एकर कोरडवाहू. दीड एकर खोल काळी, अडीच एकर मध्यम, बाकीची बरड, म्हणजे हलकी मुरमाड. विहीर आहे, पण डिसेंबरात तळ दाखवते. दारात दोन म्हशी. दहा वर्षं सोयाबीनच घेतोय. 2023 ला ऑगस्टभर पाऊस नाही, शेंगा भरल्याच नाहीत. 2025 ला सप्टेंबरात एवढा झाला की उभं पीक पाण्यात कुजलं. आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. मध्यंतरी मिलेटचं प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं की ज्वारी, बाजरी, राळ्याला पाणी लागत नाही, रोग येत नाही आणि शहरात भाव सोन्याचा. गटातल्या सगळ्या म्हणतात, सगळं रान मिलेटखाली आणू आणि पीठ, बिस्किटं विकू. सासरे म्हणतात, ‹ज्वारी आम्ही सोडली ती काय येड लागलं म्हणून?› नवरा मधल्या मधे गप्प. करावं का नाही? आणि सासऱ्यांना कसं पटवायचं?
— गटाची सचिव»

सचिवबाई, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या सासऱ्यांपाशी येऊन थांबले. प्रशिक्षणात जो प्रश्न विचारायला हवा होता तो त्यांनी घरात बसून विचारला. ज्वारी आपण सोडली का? याचं उत्तर न देता ती परत पेरली, तर ज्या कारणानं ती गेली त्याच कारणानं परत जाईल, आणि जाताना तुमचा गटही मोडून जाईल.

ती का गेली ते मला ठाऊक आहे, कारण आमच्याही घरातून ती गेली. काढायला माणसं मिळेनात. पाखरं राखायला पोरं मिळेनात, कारण ती शाळेत जायला लागली, आणि ते चांगलंच झालं. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हातात पैसा देऊ लागलं आणि मळणी यंत्रात अर्ध्या दिवसात पोत्यात जाऊ लागलं. रेशनवर गहू-तांदूळ आले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असं लिहिलं होतं, पण भरड धान्य दुकानात क्वचितच दिसलं. मग पोरांना पोळीची चव लागली आणि भाकरी म्हाताऱ्यांच्या ताटात उरली. तुझ्या सासऱ्यांचं वय साठीच्या पुढं असेल, तर आणखी एक कारण त्यांच्या जिभेवर असणार, बोलले नाहीत तरी. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो खाल्लेली ती पिढी. मिलो ही ज्वारीच होती. ज्वारी म्हटलं की त्या लोकांना आधी ती रांग आठवते, पौष्टिक तृणधान्य वगैरे नाही.

आता ही कारणं परत वाच. आभाळाचा संबंध एकाशीही नाही. आणि प्रशिक्षणात तुम्हाला सांगितलं ते मात्र सगळं आभाळाचं.

आभाळापुरतं ते बरंचसं खरंही आहे. उसाला जिथं दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, तिथं ज्वारीचं साडेचारशे ते साडेसहाशेत भागतं आणि बाजरीचं त्याहूनही कमीत. पावसानं ओढ दिली की ज्वारी पानं गुंडाळून वाढ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा उठते. सोयाबीनची शेंग भरायच्या वेळी पाणी नसलं, तर नंतर कितीही पडो, ती भरत नाही, हे तू 2023 ला पाहिलंसच. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. रब्बी ज्वारीची तर गोष्टच वेगळी. ती पावसावर येतच नाही, काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर येते.

पण ‹रोग येत नाही› हे ज्यानं सांगितलं त्यानं ज्वारी पेरलेली नसावी. खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोंब, मारते. काणी कणसात काळी भुकटी भरते. दाणा भरताना ओल तुटली की खडखड्या येतो आणि ताटं जागच्या जागी आडवी होतात. 2018 ला देशात आलेली लष्करी अळी मक्यावरून ज्वारीवरही उतरते. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला तर दाणा काळा पडतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विसरली असशील तर सासऱ्यांना विचार. म्हणून ज्वारी सोयाबीनपेक्षा शहाणी आहे असं म्हणून ती पेरू नकोस. तिचा घातवार वेगळा असतो, म्हणून पेर. सोयाबीनचं मरण ऑगस्ट-सप्टेंबरात, रब्बी ज्वारीचं फेब्रुवारीत. दोन्ही एकाच वर्षी क्वचित येतात. सगळं रान मिलेटखाली आणायचं म्हणजे सगळं सोयाबीनखाली ठेवण्यासारखंच झालं. चूक तीच, नाव तेवढं नवं.

तुझ्या सहा एकरांचं मी काय करेन ते सांगते. तुझी जमीन मी पाहिलेली नाही, तेव्हा सासऱ्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

खोल काळ्या दीड एकरात खरिपाला मूग. तो सत्तर दिवसांत रान मोकळं करतो आणि मागं बेवड चांगला ठेवतो, म्हणजे पुढच्या पिकाला रान सुपीक मिळतं. त्यावर रब्बी ज्वारी. मूग नको असेल तर ते रान पावसाळ्यात मोकळं ठेव, पण नुसतं पडीक नाही. उताराला आडवे छोटे वाफे बांध, म्हणजे पडेल ते पाणी तिथंच मुरेल. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. 2025 सारखा पाऊस झाला आणि वापसाच, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला नाही तर ही तारीख हुकते. मग हट्टानं चिखलात पाभर घालू नकोस, त्या वर्षी हरभरा कर. बियाणं एकरी चार किलो पुरतं. किलोला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळली की काणीची बरीच काळजी मिटते.

वाण कोणता, हे तुझ्या प्रशिक्षणात सांगितलेलं दिसत नाही. निम्मं पीक त्यावर ठरतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिलेत. खोल रानाला फुले वसुधा, मध्यमला फुले सुचित्रा, हलक्याला फुले अनुराधा. आणि मालदांडी आहेच. मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात निवडलेली ती मालदांडी अजून कोणी हटवू शकलेलं नाही, कारण तिची भाकरी आणि तिचा कडबा. ही सगळी सरळ वाणं आहेत. चांगली कणसं बाजूला काढून ठेवली तर पुढच्या वर्षी बियाण्याच्या दुकानाची पायरी चढायला नको.

बरडावर रब्बी ज्वारीचा नाद सोड. फार तर एकरी तीन-चार क्विंटल हाती लागेल. तिथं खरिपात बाजरी आणि तूर, बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक. बाजरी भाद्रपदात हाताशी येते, तूर मागं उभी राहते. बाजरीत धनशक्ती म्हणून लोह जास्त असलेला वाण 2012 पासून आपल्याकडे आहे, तोही सरळ, बी घरचं धरता येतं. मध्यम अडीच एकरांत सोयाबीन ठेव. हो, ठेव. पहिली दोन वर्षं घरात पैसा त्यातूनच येणार आहे. राळा, वरई, सावा यांच्या मागं आत्ताच लागू नका. ज्वारी, बाजरी, नाचणीचा दाणा उघडा असतो, झोडला की खायला तयार. राळ्या-वरईवर टरफल असतं, ते काढायला भरडायचं यंत्र लागतं, आणि यंत्र जवळ नसेल तर पोतं घरात पडून राहतं.

कोळपणीचं एक सांगायचं राहिलं. कोरडवाहू ज्वारीला ती तीनदा हवी: तिसऱ्या आठवड्यात, पाचव्यात आणि आठव्यात. पहिल्या दोन तणासाठी, तिसरी भेगांसाठी. डिसेंबरात काळं रान फाटतं, हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यातून ओल उडून जाते. दातेरी कोळप्यानं त्या बुजवायच्या. तिसरी कोळपणी म्हणजे एक पाणी दिल्यासारखं आहे. विहिरीत खरंच एक पाणी असेल तर ते पीक पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना दे.

आता पाखरं.

एका वर्षी मी एकटीनं एक एकर ज्वारी केली. शेजारी एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कांदा. पीक असं आलं होतं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दाणा चिकात भरला आणि एका सकाळी चिमण्यांचा थवा उतरला. दुसऱ्या दिवशी साळुंक्या. मग पोपट. चिमणी दाणा टिपते, पोपट अख्खं कणीस कातरून खाली टाकतो आणि पुढच्याकडे वळतो, नुसतं बघताना जीव जळतो. जुन्या कॅसेटच्या फिती बांधल्या, त्या वाऱ्यावर घुमतात आणि चमकतात. चार दिवस पाखरं बिचकली, पाचव्या दिवशी त्याच फितीवर बसली. माळा घातला, पण माळ्यावर बसणार कोण? मी सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते सहा डबा बडवत उभी. शेवटी सहा पोत्यांच्या अंदाजाला दोन पोती घरात आली. पंचक्रोशीत ज्वारी फक्त माझ्याकडं होती, मग पाखरांनी जायचं कुठं? पूर्वी गावभर ज्वारी असायची तेव्हाही पाखरं खायचीच, पण वाटणी हजार एकरांत व्हायची.

म्हणून गटाचं पहिलं काम बिस्किट नाही. बाराजणींच्या जमिनी कागदावर मांडा आणि एकमेकीला लागून असलेली रानं शोधा. एकीचं दीड, दुसरीचं एक, तिसरीचं अर्धं, सलग दहा-बारा एकर जमलं आणि एकाच आठवड्यात पेरलं तर निसवण्याची, म्हणजे कणसं बाहेर पडण्याची, वेळ एक येते आणि राखण पाळीनं होते. सलग रान जमत नसेल तर यंदा ज्वारी करू नका. या पत्रातलं माझं दुसरं काही ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती. फेब्रुवारी.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. आपल्याकडे ती मुळासकट उपटतात. मातीत ओल उरलेली नसते, ताट दोन्ही हातांनी धरून कंबरेतून ओढावं लागतं. दिवसभरात तळहाताला फोड येतात, पानांच्या कडा मनगटाला कापतात, कुसळ मानेत जाते. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मळायची, कडब्याची गंज रचायची. यातलं मळणी सोडलं तर यंत्राच्या हाती फारसं काही गेलेलं नाही. उपटणी आणि खुडणी बहुतेक बायकांच्या वाट्याला. प्रशिक्षणातले साहेब जेव्हा म्हणतात की ज्वारीला खर्च नाही, तेव्हा त्यांनी तुझी कंबर हिशोबात धरलेली नसते.

आणि आपल्या आष्टी-पाटोद्याकडची निम्मी गावं तेव्हा गावात असतात कुठं? दसरा-दिवाळीला गाड्या भरून ऊसतोडीला जातात, परततात मार्चनंतर. तुमच्या बाराजणींतल्या किती जणी तोडीला जातात ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं तीन-चार तरी असतील. पेरणीला त्या हौसेनं हात लावतील आणि काढणीला त्यांची कोयती कारखान्यावर असतील. उरलेल्यांनी त्यांचं रान उपटायचं का? मजुरी कोण देणार? हे ऑक्टोबरात बोललं नाही तर फेब्रुवारीत भांडण ठरलेलं.

यावर नवं काही शोधायला नको. सावड आहे. आज तुझ्याकडं सगळ्याजणी, उद्या तिच्याकडं, आणि हजेरी वहीत. फक्त आता सावडीचा रुपया ठरवून ठेवा. जी येणार नाही तिनं त्या दिवसांची मजुरी गटात भरायची किंवा तेवढा कडबा सोडायचा. उसावरून लवकर परत यायचं तर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्याचा प्रश्न असतो, तेव्हा कुणालाही थांबण्याचा आग्रह करू नका. अर्ध्या एकर ज्वारीनं ती उचल फिटत नाही. उद्या कडबा आणि दुधावर एखादं घर तोडीला जायचं थांबलं तर मला फार आनंद होईल, पण पहिल्याच वर्षी तसा शब्द कुणी देऊ नये.

आता पैसे. 2025-26 चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये, सोयाबीनचा 5,328. सोयाबीन बाजारात बऱ्याचदा त्याच्या खाली विकलं जातं हे तुला ठाऊक आहे, तरी नुसत्या दाण्याच्या हिशोबात ज्वारी हरतेच. सासरे तोच हिशोब धरून बसले असतील. त्यांच्यासमोर पूर्ण हिशोब मांड. घरात वर्षाला किती गहू विकत येतो, किती ज्वारी विकत येते. दोन म्हशींना उन्हाळ्यात कडबा किती लागतो आणि तो शेकडा काय भावानं घेता. बरडावरच्या सोयाबीनला बियाणं, खत आणि फवारणीला किती गेले आणि 2025 ला परत किती आले. कोरडवाहू घरात ज्वारीचा निम्मा पैसा कडब्यात असतो. तो बाजार समितीच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

विकायचंच असेल तर पहिल्या वर्षी दोनच गोष्टी. एक, निवडलेली, स्वच्छ ज्वारी दहा-दहा किलोच्या पिशव्यांत, ओळखीच्या पन्नास शहरी घरांना. दुसरी, हुरडा. फुले उत्तरा, फुले मधुर ही खास हुरड्याची वाणं आहेत. अर्ध्या एकरात ती लावा. कोवळी कणसं डिसेंबर-जानेवारीत निघून जातात, उपटणीची वाट बघावी लागत नाही आणि पाखरांच्या आधी गिऱ्हाईक येतं.

पीठ थांबू दे. बाजरीचं पीठ आठ-पंधरा दिवसांत कडू होतं. आज दळून महिन्यानं शहरात पोचवलंत तर पहिलंच गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल. बिस्किटांना भट्टी, परवाना, पॅकिंग, दुकानदाराची उधारी हे सगळं लागतं, आणि मैदा-साखरेचा आधार घेतल्यावर त्यात ज्वारी किती उरते तेही एकदा बघा. पुढं दोन हंगाम नीट गेले, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत तेव्हा अनुदान मिळतं का ते विचारा; 2025-26 पर्यंत ते 35 टक्के होतं, एका उद्योगाला कमाल दहा लाख. अनुदान आहे म्हणून यंत्र घेऊ नका. झाकून ठेवलेली यंत्रं मी बऱ्याच गटांच्या खोल्यांत पाहिली आहेत. एकावर तर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या.

2023 ला संयुक्त राष्ट्रांचं पौष्टिक तृणधान्य वर्ष झालं, आपल्या देशानंच ते सुचवलं होतं. भाषणं झाली, नाचणीचे केक कापले गेले. त्याच्या कितीतरी आधी, 2017 ला ओडिशानं आदिवासी भागात काम सुरू केलं. तिथं एक साधी गोष्ट झाली: सरकारनं नाचणी हमीभावानं खरेदी केली. बी दिलं, गावपातळीवर बचत गटांना प्रक्रियेची यंत्रं दिली आणि खरेदीला माणूस उभा केला. तुमच्या प्रशिक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांना गटानं लेखी विचारावं: आमच्या तालुक्यात ज्वारीचं खरेदी केंद्र कुठं आणि कोणत्या तारखेला सुरू होणार? उत्तर येईल न येईल. पण प्रश्न गेला पाहिजे, आणि बाराजणींच्या सह्यांनी गेला पाहिजे.

सासऱ्यांना पटवायचं कसं, हे तू विचारलंस. पटवू नकोस. त्यांना कामाला लाव. वापसा आला का हे मातीचा गोळा मुठीत दाबून ओळखणारा माणूस तुझ्या घरात आहे आणि तू तालुक्याला जाऊन पीपीटी बघून आलीस. कोणत्या वाफ्यात पाणी जास्त मुरतं, पूर्वी ज्वारी कुठं चांगली यायची, कुठं खडखड्या यायचा, हे त्यांना विचार आणि वहीत लिही. ‹मिलेट› हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढू नकोस. माझी आई जन्मभर ज्वारी थापत आली. तिला कुणी सांगितलं असतं की बाई, तू मिलेट थापतेस, तर तिनं परात बाजूला ठेवून आधी त्या माणसाचा ताप बघितला असता.

नवऱ्याचं गप्प राहणं मला सासऱ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त खटकलं. पाखरं राखायच्या पाळीत त्याचं नाव सकाळच्या सहाला लिही.

घरात म्हशी आहेत म्हणून एक शेवटचं. कोवळी ज्वारी, पाण्याच्या ताणात खुरटलेली ज्वारी किंवा काढणीनंतर बुडख्याला आलेले फुटवे जनावरांना खाऊ देऊ नका, त्यात विष असतं आणि तासाभरात जनावर जातं. दावं तोडून रानात शिरलेली म्हैस कुणाची आहे हे बघत बसायला वेळ नसतो. गटातल्या सगळ्यांना, लहान पोरांनासुद्धा, हे आधी सांगून ठेव.

आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात विषय क्रमांक एक असा लिही: येत्या फेब्रुवारीत गावात कोण कोण असणार. नावं लिहून झाली की मला कळव.

— मावशी